गुलाब छाटलात? मग लेप त्याच दिवशी लावा

दसरा झाला, परतीचा पाऊस आवरत आला की बेळगावात घरोघरी गुलाबावर कात्री चालते. छाटायला सगळे पुढे, पण कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप, लावणारं घर क्वचितच सापडतं. ऑक्टोबरात छाटणी, डिसेंबरात काळी फांदी, होळीला झाड सरपणात, हे शहापूर-अनगोळच्या परड्यांतून मी वर्षानुवर्षं बघतोय.

परवा वडगावातल्या एका मावशींनी बोलावलं. दुकानदाराने दिलेलं साडेतीनशेचं टॉनिक दोनदा फवारून झालं होतं, तरी झाड वाळतच होतं. फांदी कापली, तर गाभा तपकिरी. चार बोटं खाली कापली, तरी तपकिरीच. हिरवट-पांढरा गाभा लागला तेव्हा जमिनीपासून जेमतेम वीतभर खोड उरलं होतं. उघड्या टोकातून शिरलेली बुरशी अशीच खाली उतरते. कलमाच्या जोडापर्यंत पोचली की झाड गेलंच. टॉनिक तिचं काय करणार?

लेप घरी होतो. मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० ग्रॅम, कळीचा चुना ५० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत पाव-पाव लिटर पाण्यात कालवा, मग एकत्र करून ढवळा. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. चुना ताजाच हवा, उघड्या डब्यातला जुना उपयोगाचा नाही. लेप त्याच दिवशी संपवायचा. मोरचूद विषारी आहे, पोरांच्या हाती लागू देऊ नका. ते मिळालं नाही तर मी शेण-मातीचा लेप देतो. पुस्तकात तो नसेल, पण टोक उघडं ठेवण्यापेक्षा बरा.

बाकीची कामं:
- कात्री धारदार. प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसणे
- बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो) अर्धा सेंमी वर तिरका काप
- वाळक्या, रोगट, आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढणे
- कलमाच्या जोडाखालून आलेले रानटी फुटवे काढणे
- झाडाला ५ किलो कुजलेलं शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड
- गळलेली ठिपकेवाली पानं वेचून जाळणे
- छाटणीनंतर कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला ३ ग्रॅम, एक फवारणी
- थंडीत भुरी (पानांवर पांढरी भुकटी) दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम

फुलं साधारण दीड-दोन महिन्यांत येतात. म्हणून दिवाळीला फुलं हवीत या घाईने भर पावसात कात्री धरू नका. माझा अंदाज असा, की लागोपाठ दोन सकाळी पानांवर दव दिसलं की पाऊस गेला. तरी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाल्याची बातमी कानावर आली तर कात्री खुंटीलाच राहू द्या. छाटून झाल्यावर सर आलीच, तर टोकं वाळल्यावर लेपाचा दुसरा हात द्या. खानापूरकडच्या दमट परड्यांत तर पाऊस नसला तरी आठवड्याने तो द्याच.