तोंडाची आग: कशाने उतार पडला

जीभ दिसायला स्वच्छ, पण दिवस चढेल तशी आग वाढते? आधी बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), साखर, थायरॉइड तपासा. तोंडात बुरशी आहे का तेही, आणि कवळी असेल तर तीही दाखवून घ्या. त्याआधी बी-कॉम्प्लेक्स नको, बी१२चा आकडा फसवा येतो.

फेसाळ टूथपेस्ट बदलली. सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन), पुदिना, दालचिनी, तिन्ही नकोत. अल्कोहोलचा माउथवॉश तर अजिबात नाही.

खरा फरक क्लोनाझेपामने (एरवी फिट्स, घबराटीवर देतात ती गोळी) पडला, अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. आधी घोटभर पाणी, कारण कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही. मग ती चघळत लाळ दुखऱ्या जागी ३ मिनिटं धरायची आणि थुंकायची. गिळली तर झापड येते. थुंकूनही थोडी अंगात भिनतेच, म्हणून लगेच गाडी चालवू नका. सवय लागणारं औषध आहे. मात्रा मनाने वाढवायची नाही, एकदम सोडायचीही नाही.