वादग्रस्त लेखावर भांडण्याआधी

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा जहाल लेख पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "लिहिलाय कुणी?" आडनाव कळलं की निम्म्यांचं मत तयार. लेख उघडायचीही गरज उरत नाही. माझा जन्म छापखान्यांत प्रुफं तपासण्यात गेला, म्हणून पोरं विचारतात, "काका, तुमचं काय म्हणणं?" मी काय करतो ते सांगतो.

नाव अंगठ्याखाली झाका आणि लेख शेवटपर्यंत वाचा. १८८५ साली मुंबईच्या रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, तीही नाव न देता, 'एक हिंदू स्त्री' म्हणून. त्या स्वतःच अशा लग्नात अडकलेल्या होत्या हे कळल्यावर पत्रांचं वजन वाढतं, हे खरं. पण ते दुसऱ्या वाचनात बघा.

मथळ्यावरून लेखकाला धरू नका. वर्तमानपत्रात तो बहुतेकदा डेस्कवरच्या माणसाने दिलेला असतो.

मग लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा. वाक्य असं हवं, की वाचून तो स्वतः म्हणेल, "हो, हेच." इथेच भलेभले घसरतात. संमतिवयाचा वाद घ्या. संमतिवय म्हणजे ज्या वयाच्या आत मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो ते वय. पारशी पत्रकार बेहरामजी मलबारींनी मुंबईतून १८८४ साली बालविवाहाचा प्रश्न पेटवला आणि १८९१च्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं. आगरकर आपल्या 'सुधारक' या पत्रातून कायद्याच्या बाजूने, टिळक विरुद्ध. आता कुणी सरळ लिहून टाकतो, "टिळकांना बालविवाह हवा होता." टिळकांनी या वाक्याखाली सही केली नसती. मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत, ही सूचना १८९० मध्ये त्यांनीच मांडली होती. फक्त ती लोकांनी आपणहून पाळावी, परक्या सरकारने धर्माच्या बाबतीत कायदा करू नये, असं त्यांचं म्हणणं. हे नीट मांडलंत ना? आता खुशाल झोडपा. लोक आपणहून सुधारेपर्यंत त्या दहा वर्षांच्या मुलींनी करायचं काय होतं? हा प्रश्न त्यांच्या खऱ्या भूमिकेला जाऊन लागतो. आधीचा आरोप हवेतच राहिला असता. (टिळकभक्तांनाही हाच प्रश्न विचारा. फार कमी जण उत्तर देतात.)

"भाषा माजोरी आहे" ही तक्रार वेगळ्या ओळीत लिहा; तेवढ्याने मुद्दा खोटा ठरत नाही. पिवळा रंग फासलेल्या एकाच परिच्छेदाचा स्क्रीनशॉट आला, तर मागचं-पुढचं पान मागा. मिळालं नाही तर मत देऊ नका, कितीही हात शिवशिवले तरी.

आणि समोरचा तुमच्या जातीवर घसरला की थांबा. पुढे लेखाबद्दल कुणीच बोलणार नसतं. अशा वेळी मी ग्रुपवर पाणी किती वाजता येणार एवढंच विचारतो; पाच मिनिटांत सगळे तिकडे वळतात.