जुना टिलर नेमका कोणता, हे कसे ओळखावे

जुन्या टिलरचा, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या यंत्राचा, फोटो दाखवला की लोक रंग आणि इंजिन पाहून कंपनीचे नाव सांगून मोकळे होतात, आणि लगोलग यंत्राला ‘दुर्मीळ’ही ठरवतात. मात्र सर्वांत कमी भरवसा याच दोन गोष्टींवर ठेवावा. रंग कोणीही बदलू शकतो आणि टिलरच्या उभ्या आयुष्यात इंजिनही सहज बदलले जाते. यंत्राची खरी ओळख गिअरबॉक्सच्या ओतीव कवचावर असते.

आधी रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने माती व वंगणाचा थर काढावा. तारेचा ब्रश लावू नये, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते म्हणून तो कोरडा घासू नये.

इंजिनावरचे आकडे टिपून घ्यावेत, पण ते इंजिनाचे आहेत हे विसरू नये. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकी इंजिन कंपनीच्या 1960 च्या दशकानंतरच्या इंजिनांवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन क्रमांक पत्र्याच्या आवरणावर ठोकलेले असतात. कोड 750814 ने सुरू होत असेल, तर ते इंजिन 14 ऑगस्ट 1975 चे आहे. मात्र त्यावरून टिलरचे वय ठरत नाही. इंजिन मूळचे असेल तर टिलर त्या तारखेनंतर जुळवला गेला. बदललेले असेल तर टिलर कितीही जुना असू शकतो. म्हणून इंजिनाखालची बैठक पाहावी. तिथे वापरात नसलेली जादा भोके, कानशीने लांबवलेले गाळे किंवा मध्ये बसवलेली पट्टी दिसली, तर इंजिन नंतरचे आहे असे धरून चालावे.

आता गिअरबॉक्स. मला सर्वांत जास्त याच टप्प्याने छळले आहे, आणि चुकीचे सल्लेही याच टप्प्यावर सर्वांत जास्त मिळतात. कवचावर उठून दिसणारा आकडा हा मॉडेल क्रमांक नसतो. तो त्या ओतकामाचा क्रमांक असतो. एकच कवच अनेक वर्षे, वेगवेगळ्या मॉडेलांना वापरले जाते, आणि सुट्या भागांच्या यादीतला क्रमांक पुष्कळदा त्याहून निराळा असतो, त्यामुळे तो आकडा यादीत सापडला नाही म्हणून यंत्र दुर्मीळ ठरत नाही. कवचाचे दोन भाग असतील तर दोन्हींवरचे आकडे स्वतंत्र लिहावेत. यंत्राचा अनुक्रमांक बहुधा सपाट तासलेल्या जागेवर ठोकलेला किंवा रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असतो. ठोकलेल्या आकड्यांची ओळ किंचित वाकडी आणि खोली कमीजास्त असते, तर ओतीव आकडे गुळगुळीत कडांचे व सारख्या उंचीचे असतात. बेअरिंगवरच्या क्रमांकालाही फसू नये: 6204 म्हणजे 20 मिलिमीटर आतील व्यासाचे बेअरिंग, एवढाच त्याचा अर्थ.

झिजलेला आकडा वाचण्यासाठी कानस, पॉलिश पेपर किंवा आम्ल यांपैकी काहीही वापरू नये. एकदा घासून गेलेला आकडा परत येत नाही. अंधारात टॉर्च धातूला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडावा आणि तो चारही दिशांनी फिरवून पाहावा. जो 3 वाटत होता तो 8 असल्याचे अशा वेळी डाव्या बाजूच्या बारीक सावलीवरून कळते. मग पातळ कागद धरून मऊ पेन्सिलीने हलकेच ठसा घ्यावा. दोन्ही वाचने जुळेपर्यंत आकडा पक्का मानू नये.

देश ओळखायला बोल्टचे आटे फार उपयोगी पडतात. अर्ध्या इंचाच्या जाड आट्यांच्या बोल्टवर एका इंचात 12 आटे असतील तर ते ब्रिटिश व्हिटवर्थ, 13 असतील तर अमेरिकी मापाचे. आटेमापक मात्र कवचातल्या मूळ बोल्टवरच लावावा, कारण बाहेरचे बोल्ट बदललेले असू शकतात.

पात्यांचा पुरावा दुय्यम समजावा. स्प्रिंगवर बसवलेली हुकासारखी वाकडी पाती दिसली, तर कोनराड फॉन मायेनबुर्ग यांच्या शोधावर आधारलेल्या सिमार या स्विस कंपनीच्या टिलरांकडे पाहावे. अमेरिकेतल्या रोटोटिलरची सुरुवातही तिथूनच झाली. इंग्रजी ‘एल’ आकाराची पाती ऑस्ट्रेलियाच्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांची देणगी आहे, पण पुढे ती इतकी सर्वत्र पसरली की त्यावरून आता यंत्राच्या कंपनीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

शेवटी जुन्या माहितीपुस्तिकेतील आकृतीशी कवचावरच्या बोल्टांची संख्या, तेल भरण्याच्या बुचाची जागा आणि क्लचच्या दांड्याचा कोन पडताळावा. या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच मॉडेलचे नाव घ्यावे, आणि तोवर यंत्राला नवा रंग देऊ नये किंवा त्याचा एकही जुना भाग भंगारात टाकू नये.