हिलरी मँटेल यांचा परिचय कसा करून द्यावा

ठाण्यातील एखाद्या वाचकमंडळात इंग्लिश कादंबरीकार हिलरी मँटेल यांचा परिचय करून द्यायचा असल्यास १९५२ हे जन्मसाल सांगून थेट फ्रेंच राज्यक्रांतीवरील कादंबरीकडे वळावे, कारण सत्तरच्या दशकात लिहून झालेली ही कादंबरी प्रकाशकांनी नाकारली होती आणि ती १९९२ साली, म्हणजे त्यांचे नाव झाल्यावरच, छापली गेली. बोट्स्वाना व सौदी अरेबियातील वास्तव्य दोन वाक्यांत उरकावे. खरा वेळ ‘वुल्फ हॉल’ या कादंबरीला द्यावा. लोहार बापाने फरसबंद अंगणात लोळवलेल्या थॉमस क्रॉमवेलला, जो पुढे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मंत्री झाला, बापाच्या बुटाची उसवलेली शिवण दिसते तो प्रारंभ मोठ्याने वाचून दाखवावा. शिवकालीन कादंबऱ्यांवर पोसलेल्या श्रोत्यांना त्यातील वर्तमानकाळी निवेदन सुरुवातीला खटकते, पण तेच लेखिकेचे बलस्थान आहे. २००९ व २०१२ ची बुकर पारितोषिके शेवटी सांगितली तरी चालतात.