बीट, जांभूळ, टमाटर आणि कॅन्सर : रंगाचा फायदा घ्यायचा तर असा घ्या

घरात कोणाला कॅन्सर निघाला की दोन दिवसांत मेसेज सुरू होतात, बीटचा रस द्या, जांभळं द्या, हळदीच्या गोळ्या चालू करा. पाठवणारे मायेनंच पाठवतात, पण त्यातलं ताटात काय वाढायचं आणि औषध म्हणून काय घ्यायचं नाही हे आधी नीट समजून घ्या.

हे सगळं हवेतलं नाहीये. जांभूळ, काळं गाजर, जांभळी पत्ताकोबी यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ते आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहिलं तर काळ्या गाजराच्या आणि मुळ्याच्या रंगानं पेशींची वाढ ५० ते ८० टक्के मंदावली. पण हे झालं लॅबमधल्या डिशमध्ये, आपण खातो तेव्हा त्यातलं रक्तात फार थोडं पोचते, म्हणून किमो सोडून जांभळं खाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, कोणी कितीही खात्रीनं सांगू द्या.

आणि मग गोळीच घेऊन टाकू असं वाटत असेल तर फिनलंडचं ऐका. तिथे २९ हजारांवर सिगरेट पिणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं आणि १९९४ मध्ये निकाल आला की गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! गाजर खाणं वेगळं, त्यातला एकच रंग काढून मोठ्या डोसमध्ये घेणं वेगळं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), सिगरेट चालू असेल तर आधी ते बंद करा, कोणताच रंग त्याची भरपाई करत नाही.

आता स्वयंपाकाचं. टमाटरचा लाल रंग म्हणजे लायकोपीन, ते तेलात विरघळते आणि शिजवल्यावर अंगी जास्त लागते, म्हणून फोडणीत टमाटर टाकून कडेनं तेल सुटेपर्यंत परता, कच्च्या कोशिंबिरीपेक्षा ही चटणी बरी. गाजर, पालकालाही थोडं तेल लागतेच. जांभळ्या पत्ताकोबीचं उलटं आहे, तिचा रंग पाण्यात उतरतो, उकळून पाणी फेकलं की रंग गेला मोरीत. बारीक चिरा, वरून लिंबू पिळा, निळसर जांभळी कोबी डोळ्यांसमोर गुलाबी होते, अँथोसायनिन आंबटात असा रंग बदलते. कॉटन मार्केटला गेलात तर एकाच भाजीची थैली भरू नका, लाल भाजी, गाजर, पालक थोडं थोडं घ्या. संत्रं मात्र सोलून फोडी खा, गाळलेल्या ज्यूसमध्ये चोथा जातो.

ट्रीटमेंट चालू असेल तर वरणातली हळद चालते, पण हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, काही औषधांच्या कामात त्या आड येऊ शकतात. गोळ्या, चूर्ण, काढा जे काही घरी आणलं असेल ते पिशवीत घालून पुढच्या ओपीडीला सोबत न्या आणि दाखवा, लपवू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं खायचं की नाही हेही तिथेच विचारा. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काही जणांना होते तसं, पण बीट न खाता लाल दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.