इमर्ज फुटतंय? आधी रॅम मोजा

अमळनेरला मे महिन्यात रात्री अकरालाही पत्रे तापलेले असतात. तशाच एका रात्री माझं क्लँग (कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) बांधताना तिसऱ्यांदा फुटलं. जुना लॅपटॉप, 4 जीबी रॅम, नुकतंच टाकलेलं जेंटू, म्हणजे बहुतेक पॅकेजेस आपल्याच मशीनवर कोडपासून बांधणारं लिनक्स; बांधायची आज्ञा 'इमर्ज'. पंख्याची घरघर ऐकून नाना ओट्यावरून म्हणाले, "तुनं काय शिजी ऱ्हायनं रे रातभर?"

मी शेवटची ओळ वाचत बसलो होतो: 'निंजा फेल्ड'. निंजा म्हणजे बांधणीची कामं वाटून देणारा प्रोग्रॅम; ती ओळ नुसती निरोप्या आहे. आठ कामं एकदम चालू असतात. एक मेलं तरी बाकीची आपापलं लिहूनच थांबतात आणि खरी चूक वर कुठेतरी गाडली जाते. पोर्टेजच्या (जेंटूच्या पॅकेज मॅनेजरच्या) टेम्प फोल्डरात त्या पॅकेजचा बिल्ड लॉग असतो. तो उघडा, 'एरर' शब्द शोधा आणि पहिला सापडेल तो वाचा.

मला सापडलं 'किल्ड सिग्नल'. वाटलं, पॅकेजच सडकं आहे. यूज फ्लॅग (पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करायचे पर्याय) उलटेपालटे केले, पॅकेजची यादी पुन्हा सिंक केली, चार दिवस घालवले. एका सीनियरने सल्ला दिला, "फॉरमॅट मार." असे सल्ले देणारे आणि लांबून लॅपटॉपचा ताबा घेऊन मुकाट्याने दुरुस्त करून देणारे, दोघांनाही मी गुरू मानत नाही.

पॅकेजचा काहीच दोष नव्हता. रॅम संपली म्हणून कर्नलनेच (लिनक्सच्या गाभ्याने) कंपायलरला मारलं होतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, 'आउट ऑफ मेमरी' ढळढळीत लिहिलेलं होतं, मी बघितलंच नव्हतं. खूण लक्षात ठेवा: दर वेळी वेगळ्याच फाइलवर फुटत असेल तर संशय रॅमवर घ्या. मेकऑप्ट्समध्ये (एका वेळी किती कामं चालवायची त्या सेटिंगमध्ये) 'जे1', म्हणजे एकच काम, करून बघा. तरीही दर वेळी एकाच फाइलवर अडलं तर मग पॅकेजकडे वळा.

हिशेब असा की एका कामाला साधारण 2 जीबी धरायचे. मी 'जे8' लावलं होतं, म्हणजे चार भाकरींच्या पिठात अख्खी पंगत बसवली होती. त्यात कुणाचं तरी ऐकून पोर्टेजचं टेम्प फोल्डरही रॅममध्येच ठेवलं होतं, वेग वाढतो म्हणून! असले शॉर्टकट 32 जीबीवाल्यांचे. तुमच्याकडे तेवढी रॅम नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. टेम्प डिस्कवर आणलं, 8 जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दिला, पॅकेज डॉट एन्व्ह या पॅकेजवार सेटिंगच्या फाइलमधून फक्त जड पॅकेजेसना 'जे2' लावलं, आणि क्लँग झालं.

घाबरू मात्र नका, बाकीचे घोटाळे त्या मानाने सोपे. लायब्ररी बदलली की प्रिझर्व्ड-रीबिल्ड चालवा; जुन्या लायब्ररीवर अडकलेली पॅकेजेस पुन्हा बांधली जातात. अपडेटआधी ईसिलेक्ट या जेंटूच्या साधनातून बातम्या वाचा. 2024 मध्ये 23.0 प्रोफाइल (सिस्टिमच्या मूळ सेटिंगचा संच) आलं तेव्हा सगळी सिस्टिम ठरलेल्या क्रमाने पुन्हा बांधायची होती. अगदीच जमेना तर डिसेंबर 2023 पासून अधिकृत तयार बायनरी (आधीच बांधलेली पॅकेजेस) मिळतात, त्या घ्या. त्यात कसली लाज?

आणि लाइट गेली तर इमर्जच्या 'रिझ्यूम'वर फार विसंबू नका. ते यादी पुढे नेतं, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पहिल्यापासूनच सुरू होतं. म्हणून क्लँगसारखं काम मी आता पहाटे चारला लावतो. तेव्हा पत्रेही गार असतात.