पारावरची तक्रार ठरावात कशी आणायची

आमच्या वस्तीत शाळेबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. गिरणीवर दळण टाकलं की कुणीतरी सुरू करतंच: गुरुजी कमी, लेकरांना वाचता येईना, खिचडीत डाळ दिसेना. पण शाळेची इतिवृत्ताची वही उघडली, तर तिथं महिन्यामागून महिने एकच वाक्य: "सर्व विषयांवर चर्चा झाली, आभार मानून सभा संपली." गिरणीवरचं बोलणं त्या वहीत कसं न्यायचं आणि तिथून पंचायत समितीपर्यंत कसं पोचवायचं, एवढंच इथं सांगते.

मी शिलाईकाम करते. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात आमचं गाव. लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. दसरा-दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव मुकादमाच्या गाडीत बसून ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्यातच परततं. म्हणून खालचं वेळापत्रक आमच्या हंगामाचं आहे. तुमच्याकडं भातलावणी असेल, कांदाकाढणी असेल, तर महिने तसे बदलून घ्या.

पहिलं काम, समिती खरीच आहे का ते बघा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या २१ व्या कलमानं समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, म्हणजे तांड्यावरची लेकरं शाळेत असतील तर तांड्यावरचे पालकही समितीत. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव, मुदत दोन वर्षं. आमच्या भागात वही घरोघर फिरवून सह्या घ्यायची चाल जुनी आहे. आपण समितीत आहोत हे काही बायकांना नवऱ्याकडून कळतं. तर शाळेत जा, सदस्यांची यादी मागा, समिती कोणत्या पालकसभेत निवडली ती तारीख विचारा. मुदत संपली असेल तर नवी पालकसभा बोलवायची मागणी लेखी द्या. निवड करताना एक गोष्ट आमच्यासारख्या गावांनी ध्यानात ठेवावी: कायद्यात आई-वडील किंवा पालक असं म्हटलंय. आई-बाप उसाच्या फडात तोडणीला असताना जी आजी लेकराला सांभाळते, ती पालक म्हणून बसू शकते. आमच्या समितीत अशा आज्या होत्या आणि डिसेंबर-जानेवारीत बैठक भरली ती त्यांच्याच जिवावर.

आता लोकांना विचारायचं. सभेत नाही, सभेच्या आधी. सभेत बोलतात ते नेहमीचेच चार पुरुष. बायकांना गाठायचं तर बचत गटाच्या बैठकीत, रेशन दुकानाच्या रांगेत, खुरपणीच्या बांधावर. आणि "शाळा कशी वाटते?" हा प्रश्न कुणालाच विचारू नका. त्याचं उत्तर "बरी हाय की" असंच येतं, आणि बोलणं तिथंच संपतं. असं विचारा: काल लेकरानं शाळेत काय खाल्लं? त्याची वही शेवटची कधी तपासलेली दिसली? पोरगी लघवीला कुठं जाते? शेवटचा प्रश्न बाईनंच विचारायचा, आणि आईला नाही, मोठ्या पोरींनाच. आमच्या शाळेत मुलींचं वेगळं स्वच्छतागृह कागदावर होतं आणि भिंती-दारासकट जाग्यावरही होतं. पण आत पाणी नव्हतं. पोरी दुपारनंतर घरी का पळतात याचा उलगडा तिथं झाला. तोवर सगळे त्यांना अभ्यासाचा कंटाळा येतो म्हणत होते.

ज्यांनी लेकरं काढून पिवळ्या गाडीनं इंग्लिश शाळेत घातली, त्यांच्या घरी मुद्दाम जा. टोमणा मारायला नाही. आपली शाळा का सोडली हे त्यांच्याएवढं नेमकं कुणी सांगत नाही, कारण त्यांनी त्यासाठी पैसे मोजलेत. आणि गुरुजींनाही विचारा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला लावू नये असं त्याच कायद्याचं २७ वं कलम सांगतं. प्रत्यक्षात गुरुजींचा किती वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, हे कुणी विचारलं तर ते मोकळेपणानं बोलतात. मुख्याध्यापकाला आरोपी करून सुरुवात केली तर समितीचा सचिवच तुमच्या विरोधात बसतो, आणि वही त्याच्याच कपाटात असते.

लोक सांगतील त्यातलं सगळ्यांत जास्त बोललं जाणारं आणि सगळ्यांत कमी तपासलेलं म्हणजे "वाचता येत नाही." हे तपासायला अधिकारी लागत नाही. 'प्रथम' संस्था गावोगावच्या लेकरांचं वाचन-गणित तपासते, त्या असर पाहणीत वापरतात ती पद्धत गावातली बारावी झालेली पोरगीही करू शकते. लेकराला जवळ बसवायचं आणि एकेक पायरीनं वाचायला द्यायचं: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, एका अंकानं भागाकार. पथ्यं दोन. गुरुजींना सांगून करा. आणि नावं कुठंही लिहू नका, फक्त कोणत्या इयत्तेची किती लेकरं कुठं थांबली तेवढं लिहा. सगळ्यांसमोर वाचायला लावलं तर वाचणारं लेकरूही गप्प होतं.

आमच्या पाचवीतली बरीच लेकरं उताऱ्यावरच थांबली. सभेत हे सांगितल्यावर गुरुजींचे चेहरे पडले. तेव्हा मी देशाचा आकडा वाचून दाखवला: असर २०२४ प्रमाणे सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि २०२२ मध्ये तर हा आकडा १६.३ होता. म्हणजे दुखणं आमच्या एका शाळेचं नाही, आणि त्याला उतार पडू शकतो. मग ठरलं ते असं: रोज एक तास इयत्ता मोडायच्या आणि वाचनाच्या पायरीप्रमाणे गट करायचे. चौथीतलं लेकरू अक्षरावर असेल तर ते अक्षराच्याच गटात बसणार. यासाठी कुणाची मंजुरी लागली नाही, रुपयाही लागला नाही. माझ्या मते समितीनं केलेलं सगळ्यांत मोलाचं काम हेच. रंगकाम आणि बोलक्या भिंती फोटोत छान येतात, पण त्यांचा नंबर नंतरचा.

जमलेल्या तक्रारी आता वेगळ्या करायच्या: कोणती कुणाच्या हातात? निम्मी शक्ती चुकीच्या दारात जाते. खिचडी, वाचनाचे गट, अनुदानाचा खर्च हे शाळेतच सुटतं. नळ, स्वच्छतागृह, कुंपण यांसाठी ग्रामपंचायत. शिक्षकाची रिकामी जागा किंवा दुसरीकडं कामगिरीवर पाठवलेले गुरुजी हा विषय केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, तिथं नाही हललं तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं. पडकी खोली असेल तर "नवी खोली द्या" असा अर्ज एकटा चालत नाही. जुन्या खोलीचं निर्लेखन, म्हणजे ती निकामी ठरवून कागदावरून काढणं, व्हावं लागतं, म्हणून तो प्रस्ताव आधी गेलाय का ते विचारा. आमच्याकडं धोक्याची खोली वर्षानुवर्षं कुलपात होती आणि प्रस्ताव कुणी पाठवलाच नव्हता.

तक्रार आकड्यात बसवली की तिला वजन येतं. "खिचडीत डाळ नसते" यावर वाद होतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. म्हणजे प्राथमिकची चाळीस लेकरं जेवली तर आठशे ग्रॅम डाळ शिजली पाहिजे. यावर वाद घालता येत नाही, तराजू लागतो. आम्ही रोज एका आईनं येऊन चव बघून चव नोंदवहीत सही करायची पाळी लावली. स्वयंपाकाच्या मावशींना सुरुवातीला राग आला. मग किराणा उशिरा येतो, तेल पुरत नाही, हे त्यांचंच गाऱ्हाणं पहिल्यांदा नोंदवहीत आलं आणि त्या आमच्या बाजूच्या झाल्या.

"शिक्षक वाढवा" याचंही तसंच. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी पट, म्हणजे नाव नोंदवलेली लेकरं, ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं दिलंय. मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून जास्त रिकाम्या ठेवू नयेत असंही २६ वं कलम म्हणतं. तेव्हा अर्जात पट किती, मंजूर किती, हजर किती, एवढे तीन आकडे एका ओळीत लिहा. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावर ठरते, आणि आधार जुळलेलं नसेल तर लेकरू वर्गात बसूनही मोजणीत येत नाही. म्हणून आधारची कामं ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत उरका.

पैशांचं विचारायला लोक कचरतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान येतं, ते पटावर ठरतं: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, त्यापुढं १००० पर्यंत ७५ हजार. अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे समितीचं कायद्यानं दिलेलं काम आहे. "हिशेब दाखवा" असं दरडावू नका. सभेच्या विषयपत्रिकेत "मागील खर्चाचे वाचन" हा विषय टाका. दर बैठकीत वाचन झालं की कुणाला विचारायची वेळच येत नाही.

आता ठराव. नुसती चर्चा लिहू देऊ नका. आमचा पाण्याचा ठराव साधारण असा होता:

"विषय : मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी. ठराव : शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहात पाण्याची जोडणी नसल्याने मुली दुपारनंतर अनुपस्थित राहतात. ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या पाणी व स्वच्छतेसाठीच्या बंधित निधीतून पाण्याची टाकी व नळजोडणी करून द्यावी, आणि हे काम येत्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे, असे ठरले. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

काय हवं, कुणी द्यायचं, कोणत्या निधीतून, हे तिन्ही त्यात आहे. ठराव लिहून झाला की तिथंच सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग सह्या. सह्यांखाली मोकळी जागा सोडू नका. पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या.

हा ठराव घेऊन जायची जागा म्हणजे २ ऑक्टोबरची ग्रामसभा. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा करायला तेव्हाच सुरुवात होते, आणि आमच्यासाठी मोठी गोष्ट ही की तोवर टोळ्या गेलेल्या नसतात. तिच्याआधी महिलासभा होते, तिथंही विषय मांडून घ्या. ग्रामसभेत बाई एकटी बोलली की तिला बसवतात, पण महिलासभेचा ठराव हातात असला की बसवणं अवघड जातं. शाळा विकास आराखडाही याच सुमारास करावा. नियमाप्रमाणे तो आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. पण डिसेंबरात आमच्याकडं आज्या सोडल्या तर सही करायला माणूस नसतो, म्हणून आम्ही सप्टेंबरातच बसायचो.

हंगामी वसतिगृहाची यादीही तेव्हाच. आई-बाप गेल्यावर मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हे वसतिगृह समितीनंच चालवायचं असतं, तेव्हा कोणाचं लेकरू राहणार हे घरोघर विचारून लिहा. जे लेकरू आई-बापाबरोबर जाणारच आहे, त्याला शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून बसता येतं.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयात अर्ज नोंदला त्याचा नंबर, घ्यायचा. "ठेवून जा, बघतो" असं म्हणतील. शिक्का मिळेपर्यंत उठू नका. महिनाभर काहीच कळलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली". उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. पुष्कळदा माहितीचा अर्ज पोचला की मूळ अर्जाची फाइलही सापडते.

शाळेला कुलूप ठोकायचा विषय कुणीतरी काढतोच. पेपरात फोटो येतो हे खरं, पण बुडतो तो लेकरांचा दिवस. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी आणि आमच्या लेकरांचे निम्मे दिवस तसेही फडात जातात. अगदीच वेळ आली तर लेकरांना पंचायत समितीच्या आवारात नेऊन तिथं शाळा भरवा, म्हणजे अभ्यासही होतो आणि साहेबांना खिडकीतून पाढे ऐकू येतात. आम्ही तिथवर गेलो नाही. तसं पत्र दिल्यावर कामगिरीवर गेलेले गुरुजी परत आले.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की पालकसभा घ्या आणि मागच्या ठरावांचं काय झालं ते एकेक करून वाचा: झालं, अडकलं, कुठं अडकलं. समितीची मुदत संपताना अडकलेल्या कामांची यादी आवक क्रमांकांसकट नव्या अध्यक्षांच्या हातात द्या. मी दिली तेव्हा टाकी बसली होती, कुंपण आणि निर्लेखन बाकी होतं.